तांब्यातले हरभरे

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, मंडळातल्या बायांना न्हाई, रेणुकाईसमोर हात जोडून उभी राह्यले तेव्हा बी न्हाई. माझं तोंड लई चालतं, सारा भोकरदन तालुका सांगेल. तहसीलदारासमोर बोलले, फौजदारासमोर बोलले, बायकोला मारणाऱ्या बाप्यांच्या दारात उभी राहून बोलले. एवढंच बोलता आलं न्हाई. आता तुम्ही बसला आहात, चहा गार होऊन राह्यला, अन् मी उगीच पदराचं टोक पिळत बसले — तर ऐका. मधी थांबवू नका. थांबवलं तर पुन्हा तोंड उघडेल का, माझं मलाच ठाऊक न्हाई.

चंद्रकला — आधी ती कोण, ते सांगते.

आमचं गाव भोकरदनपासून दोन-तीन कोसांवर, पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेला. आमच्या अन् चंद्रकलाच्या घराला एकच भिंत. तीन पोरींवर नवसानं पोरगा झाला म्हणून तिच्या जन्माला गावभर गूळ वाटल्ता म्हणे. आई-बापानं ठेवलेलं नाव मी इथं घेणार न्हाई. ते तिला कधीच आवडलं न्हाई. चंद्रकला हे नाव तिनं स्वतः ठेवलं, नऊ-दहा वर्षांची असेल, कापूस वेचता वेचता. वर मलाच दम दिला — आख्खं म्हणायचं, चंदे-फिंदे चालणार न्हाई. मी म्हणलं, बरं बाई. तेव्हापासून माझ्यासाठी ती चंद्रकलाच.

कडब्याच्या गंजीमागं ती माझा परकर घालायची. वेणी मी घालून द्यायचे. भुलाबाईची गाणी सगळ्यात जास्त तिलाच पाठ, म्हणून मी तिला हाताला धरून घेऊन जायचे. मोठ्या बाया हटकायच्या — हे ध्यान कशाला आणलं गं? मी म्हणायचे, माझ्या संग आहे. अन् बसायचे तिला चिकटून. तिच्या घरी तिच्या भाकरीवर तूप असायचं, बहिणींना कोरडी. नवसाचं लेकरू ना! ती अर्धी भाकर लपवून आणायची अन् भिंतीवरून माझ्या हातात द्यायची. अर्धी तिची, अर्धी माझी. कित्येक वर्षं.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं, घनसावंगीकडं दिलं. सहा वर्षं पोर झालं न्हाई. तिथं काय काय झालं ते सांगत बसत न्हाई, पाठीवर अजून आहे. वांझ म्हणायचे. ही कसली बाई, म्हणायचे. शेवटी नवऱ्यानं दुसरी आणली अन् मला पेटीसकट एसटीत बसवून दिलं. एक्याऐंशी साल असेल. गावच्या फाट्यावर उतरले तर घ्यायला घरचं कुणी न्हाई. लाजले असतील. चंद्रकला आल्ती. तोवर तिनं देवीची परडी घेतल्ती, लुगडं नेसायची, गळ्यात कवड्यांची माळ. माझी पेटी तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली अन् म्हणली, "मान वर कर, गया."

भर दुपारी, गावाच्या मधल्या गल्लीतून आम्ही दोघी चालत आलो. ओट्यावरचे सगळे बघून राह्यले होते. मी मान वर केली का? केली. तिच्यामुळं केली.

ते दिवस मला अजून पाहिजेत. म्हातारी झाले, तरी पाहिजेत. ती संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक मारायची, अन् मी हातातलं पीठ तसंच ठेवून उठायचे. तिच्या अंगाला हळदीचा अन् कापराचा वास यायचा. माझ्या डोक्याला तेल लावता लावता ती मला एवढं हसवायची की पोट दुखायचं. टाकलेली बाई हसते म्हणून आई घरात बसून कपाळ बडवून घ्यायची. मला एवढं कुणी हसवलं न्हाई पुन्हा. कसं हसवणार? हसवणारीला मीच —

थांबा. क्रमानं सांगते.

मंगळवारी अन् शुक्रवारी चंद्रकला जोगवा मागायला निघायची. बाया परडीत पीठ टाकायच्या, पाया पडायच्या. अन् बुधवारी? बुधवारी तीच पाणी मागायला आली तर त्याच बाया लांबून तिच्या ओंजळीत ओतायच्या. मला तेव्हा त्याचा लई राग यायचा. खरंच यायचा.

पुढं मी औरंगाबादला शिबिराला गेले. टाकलेल्या बायांचं शिबिर होतं. तिथं पहिल्यांदा कळलं, की माझ्यात खोट न्हवती, की मार खाणं हे काही माझ्या कपाळी लिहिलेलं न्हाई. आठ दिवसांत मी दुसरीच होऊन आले. गावात मंडळ काढलं. माझ्यासकट तेवीस बाया जमवल्या. ग्रामपंचायतीच्या मागची पडकी खोली भांडून मिळवली, दोन शिलाई मशिनी आणल्या. घरातून हाकललेल्या बाईनं तिथं रहावं, शिवावं, चार घास इज्जतीनं खावे. तालुक्यात अशी खोली दुसरी न्हवती.

पण मिटिंग घ्यायची म्हणलं की बाया गप! हात वर करा म्हणलं तर कुणाचा हात वर जाईना. सासू समोर बसलेली, जाऊ शेजारी, कोण करणार? मी वैतागून चंद्रकलाला म्हणलं, या बायांना तोंडच न्हाईत. ती हसली. म्हणली, तोंड कशाला पाहिजे, दाणे दे त्यांना.

रीत तिनं काढली. प्रत्येकीच्या मुठीत एक हरभरा अन् एक चिंचोका. हो म्हणायचं तर तांब्यात हरभरा टाकायचा, न्हाई म्हणायचं तर चिंचोका. तांब्याच्या तोंडाला फडकं, तळाला गोधडीचा तुकडा, कारण चिंचोका पडला की वाजतो. हातात उरलेला दाणा पाटीतल्या भुशात खुपसून द्यायचा. मोजायचं एकीनंच. अन् किती ते सांगायचं न्हाई, नुसतं हो का न्हाई तेवढं सांगायचं. किती सांगितलं की बाया अंदाज लावत बसतात, कोण फुटली, कोण उलटली, अन् मंग पाणवठ्यावर भांडणं. एवढं सगळं तिनं बसल्या बसल्या सांगितलं. अन् मोजायला कोण? तीच म्हणली, "गया मोजेल. गया खोटं बोलत न्हाई."

दारूचं दुकान उठवायचं त्या तांब्यानंच ठरलं. पोरींना सातवीच्या पुढं भोकरदनला शिकायला धाडायचं, ते बी. बायांना चव लागली. तांब्या आला की सावरून बसायच्या. चंद्रकला उंबऱ्यावर बसून असायची. मंडळात न्हवती, पण मिटिंग तिच्या गाण्यानंच सुरू व्हायची. अन् बाया तिच्याशी बोलायच्या. मी भाषण करताना जांभया देणाऱ्या बाया तिच्याजवळ बसून रडायच्या, हसायच्या. नवऱ्यानं अंगावर रॉकेल ओतलेली सुमन आमच्या खोलीत रहायची. बाप्या माणूस खोकला तरी दचकायची ती पोर. तिची वेणी चंद्रकला घालून द्यायची.

मला ते खुपायचं. हे आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

दरम्यान मी औरंगाबादला जातच होते. शिबिराच्या ताईंना एकदा विचारलं, अशी अशी एक आहे, तिचं काय करायचं? ताई म्हणाल्या, आपल्याला हजारो वर्षांनी चार भिंती मिळाल्या आहेत, त्या जपा. बाईपण वरून नेसता येत नाही, ते जन्मापासून भोगावं लागतं. मला पटलं. बराबर वाटलं. ताईंना मी आज बी दोष देत न्हाई. त्यांनी चंद्रकलाला पाहिलंच न्हवतं. मी पाहिलं होतं.

अन् आतून दुसरंच काही होतं. मला सहा वर्षं बडवलं ते कूस उजवली न्हाई म्हणून. ही कसली बाई, म्हणून. अन् चंद्रकलाला कूस न्हाई, पाळी न्हाई, तरी सुमन तिच्या मांडीवर डोकं ठेवते, बाया तिला आक्का म्हणतात! ती इतक्या सहज बाई होते, तर मंग माझ्या पाठीवरच्या वळांचं काय? ते मी कशापायी सोसले? असलं सगळं डोक्यात चालू असायचं, अन् ती माझ्या डोक्याला तेल लावून राह्यलेली असायची.

मंग तिचा बाप वारला. मागून झालेल्या भावानं तेरावा उरकला अन् तिचं अंथरूण अंगणात फेकलं. ती माझ्याकडं आली. रडली न्हाई. म्हणली, "मला परडी नको आता, गया. देवीची म्हणून पाया पडतात, माणूस म्हणून पाणी देत न्हाईत. मला खोलीत घे. मशीन शिकते. मंडळात बाई म्हणून घे."

केवढंसं मागितलं होतं? एक कोपरा, एक मशीन, अन् तेवीसच्या चोवीस. मी काय म्हणावं? म्हणलं, बायांना विचारावं लागेल. ती म्हणली, "विचार की. तांब्या फिरव." अन् हसली. तिला बायांचा भरोसा होता. एवढा भरोसा, की मिटिंगच्या आधीच ती रेणुकाईला जाऊन परडी अन् कवड्यांची माळ देवीच्या पायाशी ठेवून आली.

शुक्रवारची दुपार होती. तेवीसच्या तेवीस बाया आल्या. चंद्रकला बाहेर लिंबाखाली बसली, जवळ एक गाठोडं.

तांब्या फिरवायच्या आधी मी बोलले. अशी बोलले, की त्यापेक्षा चांगलं भाषण मी जन्मात केलं न्हाई. म्हणलं, तिला जन्म बाप्याचा मिळाला, बहिणी कोरडं खात होत्या तेव्हा भाकरीवर तूप मिळालं. म्हणलं, ज्या अंगापायी आपण मार खाल्ला, जळालो, टाकलो गेलो, ते अंग तिला कुठं आहे? म्हणलं, उद्या दुसरा कुणी लुगडं नेसून आला तर त्याला कोणत्या तोंडानं अडवाल? सुमन इथं झोपते, तिला भीती वाटेल. सगळं म्हणलं. त्यातलं अर्धं तूप माझ्या पोटात गेल्तं, हे म्हणलं न्हाई. सुमनला विचारलं बी न्हवतं.

हे बघा, मी बोलले ते सगळंच खोटं होतं असं न्हाई. बाईच्या अंगाचं दुःख खरं आहे. जिला मारलंय तिला दार लावून निजता येईल अशी जागा लागते, हे बी खरं आहे, अन् त्या जागेसाठी मी आज बी भांडेन. बोलायचा हक्क मला होता. बोलले. मंग बायांनी ऐकलं, अन् बायांचं त्यांनी ठरवलं.

तांब्या फिरला. मी कोपऱ्यात जाऊन, पाठ करून, पदरात ओतला.

हरभरे. नुसते हरभरे, बाई! वीस हरभरे अन् तीन चिंचोके. मी दोनदा मोजले. तिनातला एक चिंचोका माझा.

म्हणजे माझं एवढं भाषण ऐकून वीस बाया हो म्हणल्या होत्या. ज्या सासूला घाबरतात, नवऱ्याला घाबरतात, ज्या बुधवारी लांबून पाणी ओततात, त्या वीस बाया फडक्याखाली हात घालून म्हणल्या होत्या, घ्या तिला. मला त्याक्षणी काय वाटायला पाहिजे होतं? माझ्या मंडळाचा अभिमान वाटायला पाहिजे होता. मला वाटलं, या माझ्या न्हाईत. या तिच्या आहेत.

मी वळले अन् म्हणलं, "न्हाई निघालं."

एवढंच. दोन शब्द. झालं ते एवढंच.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटलं असणार, आपण हरभरा टाकला, मंग ही उलटली, ती उलटली. सुमननं तोंडाला पदर लावला. आमच्यात सगळ्यात वयानं मोठ्या कौसामावशी हळूच म्हणल्या, "बराबर मोजलं ना, गया?" मी अशी भडकले! म्हणलं, मावशी, माझ्यावर भरोसा न्हाई का? तुम्ही या मोजायला! त्यांनी मान खाली घातली. तोवर दाणे मी पाटीतल्या भुशात कालवून टाकले होते.

मंग लिंबाखाली गेले. तिला सांगितलं. किती पडले, हे तिनं विचारलं न्हाई. तिचाच नियम होता ना. तिनं खोलीच्या दाराकडं पाहिलं. बाया दारात येऊन उभ्या होत्या, पण एकीची नजर वर न्हवती. चंद्रकलाला काय वाटलं असेल? तिला वाटलं असेल, बघा, लाजून राह्यल्या. तिनं गाठोडं उचललं. म्हणली, "बायांचं म्हणणं आहे, मंग जाते. तुझ्या एकटीचं असतं ना, तर भांडले असते तुझ्याशी."

अन् गेली. पाच मिनिटांचा रस्ता फाट्यापर्यंत. मी पळत जाऊन सांगू शकले असते, की माझ्या एकटीचंच आहे, ये भांड. पाय होते मला. तोंड होतं. जालन्याची एसटी यायला बी वेळ होता. मी लिंबाखाली उभी राह्यले, अन् गाडी आल्याचा आवाज ऐकल्यावर घरी गेले.

परडी देवीला दिलेली, घर भावानं बंद केलेलं, अन् मंडळानं न्हाई म्हणलेलं. ती कुठं गेली असेल? मी शोधलं न्हाई.

मंडळ वाढलं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. तांब्या मात्र पुन्हा फिरला न्हाई. आणा म्हणलं की बाया इकडंतिकडं बघायच्या. एकमेकींवरचा भरोसाच उडाला त्यांचा. ज्या कधीच उलटल्या न्हवत्या, त्या एकमेकींना उलटलेल्या समजून वागत राह्यल्या. कौसामावशी तर तशाच गेल्या. जाताना मला म्हणल्या, गया, मी तिच्या बाजूनं होते गं. मी त्यांचा हात धरून बसले.

सुमनचं पुढं बरं झालं. आपल्या पायावर उभी राह्यली. एकदा शिवता शिवता मला म्हणली, आक्का असती तर मला झोप लागली असती. मी काजं करीत होते, करीत राह्यले.

अन् मी? मी रोज संध्याकाळी भिंतीकडं कान देऊन बसायचे. पलीकडं तिच्या भावाची पोरं कालवा करायची. मला ती पाहिजे होती हो! जिला मी हाकललं, तीच पाहिजे होती, दुसरं कुणी न्हाई. हे कुणाला सांगणार? लोकांना वाटायचं, गयाबाईला नवऱ्याची आठवण येते. वाटू द्या.

बारा-तेरा वर्षं गेली. दोन हजार सालाच्या पुढचं असेल. जालन्याच्या स्टँडवर मी भोकरदनच्या गाडीची वाट बघत होते. मागून कुणीतरी म्हणलं, "गया!" वळायच्या आधी मला कळलं.

केस पिकलेले. हिरवी साडी. खंगली होती, पण हसू तेच. परभणीकडं असते म्हणली, तिच्यासारख्याच तिघी-चौघींबरोबर. चांगल्या आहेत म्हणली, जीव लावतात. मधली वर्षं कशी काढली ते तिनं सांगितलं न्हाई, अन् मी विचारलं न्हाई. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, मोडून तशीच जुळलेली. मी बोटांकडं बघून राह्यले तर तिनं हात पदराखाली घेतला.

मी रडायला लागले. भर स्टँडवर. तर तीच मला समजावायला लागली. म्हणली, "रडू नको येडे. तुझ्यावर राग न्हाई माझा. तू एकटी काय करणार होतीस एवढ्या बायांपुढं? तू तर हरभराच टाकला असशील."

अन् माझ्याकडं बघत राह्यली. विचारून राह्यली होती ती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

ही वेळ पुन्हा आल्ती माझ्यासमोर. बारा वर्षांनी, चालत, हिरवी साडी नेसून आल्ती. तिनं भांडावं, शिव्या द्याव्या, माझ्या झिंज्या धराव्या, अन् मंग उंबऱ्यावर बसून पुन्हा मला हसवावं — एवढंच मला इतकी वर्षं पाहिजे होतं. खरं बोलले असते तर त्यातलं निदान भांडण तरी मिळालं असतं.

मी म्हणलं, "हाव."

"मला ठाऊक होतं," ती म्हणली. "त्या एका हरभऱ्यावर दिवस काढले बघ मी." तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले, अन् स्वतःच्या कानशिलावर नेऊन बोटं मोडली. वाकडी दोन बोटं मोडली न्हाईत. परभणीची गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली, अन् गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघून हसत राह्यली.